घोषणेवाचून युद्ध आणि अध्यक्षांचे अधिकार : अमेरिकेच्या इतिहासातील काही निवाडे

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी विधिवत घोषणा करून लढलेली युद्धे अवघी पाच आहेत : १८१२ चे इंग्लंडशी, १८४६ चे मेक्सिकोशी, १८९८ चे स्पेनशी आणि विसाव्या शतकातील दोन महायुद्धे. शेवटची घोषणा जून १९४२ मध्ये बल्गेरिया, हंगेरी व रुमानिया या तीन देशांविरुद्ध झाली. त्यानंतर कोरिया, व्हिएतनाम, अफगाणिस्तान, इराक असे प्रदीर्घ रक्तपाताचे प्रसंग येऊन गेले; परंतु युद्ध पुकारण्याचा ठराव त्या देशाच्या विधिमंडळाने, म्हणजे काँग्रेसने, पुन्हा केला नाही. ज्या युद्धाला कायद्याने युद्ध म्हटलेले नाही, त्या युद्धात अध्यक्षांचा अधिकार कोठपर्यंत चालतो, हा प्रश्न मात्र विसाव्या शतकाचा नव्हे. तो त्या राज्यघटनेइतकाच जुना आहे, आणि त्याची उत्तरे रणांगणावर शोधू जाता फारसे हाती लागत नाही. ती न्यायालयांच्या निकालपत्रांत, एखाद्या जप्त केलेल्या जहाजाच्या किंवा विम्याच्या दाव्यात, आणि बहुधा एखाद्या साध्या शब्दाच्या अर्थावरून झालेल्या वादात सापडतात.

आरंभीचा वादही शब्दाचाच होता. १७८७ साली फिलाडेल्फिया येथे घटना तयार होत असताना पहिल्या मसुद्यात विधिमंडळाला युद्ध ‘करण्याचा’ अधिकार दिलेला होता. १७ ऑगस्ट रोजी या कलमावर चर्चा निघाली. विधिमंडळाची गती मंद असते, तेव्हा हा अधिकार अध्यक्षांकडेच असावा, असे दक्षिण कॅरोलिनाचे पिअर्स बटलर यांनी सुचविले. प्रजासत्ताकात एकट्या कार्यकारी सत्तेला युद्ध पुकारू द्यावे अशी सूचना ऐकावी लागेल असे वाटले नव्हते, या आशयाचे उत्तर एल्ब्रिज गेरी यांनी दिले. जेम्स मॅडिसन आणि गेरी यांनी मिळून ‘करणे’ हे क्रियापद काढून त्या जागी ‘पुकारणे’ हे घालावे, अशी दुरुस्ती मांडली. हेतू असा, की अकस्मात झालेला हल्ला परतवून लावण्यास अध्यक्षांना मोकळीक राहावी. रोजर शेर्मन यांना हा बदल नको होता. अध्यक्षांनी हल्ला परतवावा, युद्धाचा आरंभ करू नये, हे मूळ शब्दानेच साधते असे त्यांचे मत होते. अखेरीस रूफस किंग यांनी ‘करणे’ याचा अर्थ ‘चालविणे’ असा होऊ शकेल आणि युद्ध चालविणे हे तर कार्यकारी सत्तेचे काम आहे, असे दाखवून दिले. त्यावर कनेक्टिकटच्या एल्सवर्थ यांनी आपला विरोध मागे घेतला आणि त्या संस्थानाचे मत बदलले.

मराठीत ‘युद्ध पुकारणे’ या प्रयोगात युद्ध सुरू करणे आणि ते जाहीर करणे हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात; त्यामुळे या बदलाचे मर्म मराठी वाचकाला चटकन जाणवत नाही. इंग्रजीत मात्र या दोन अर्थांमध्ये फट राहते. अठराव्या शतकातही पुष्कळशी युद्धे घोषणेवाचून सुरू होत, हे घटनाकारांना माहीत होते. म्हणून त्यांनी त्याच कलमात खासगी जहाजांना शत्रूची जहाजे पकडण्याचे परवाने देणे, तसेच जमिनीवर व पाण्यावर पकडलेल्या मालासंबंधी नियम करणे, हेही अधिकार विधिमंडळाकडे ठेवले. आणि लष्करासाठी दोन वर्षांहून अधिक मुदतीचा पैसा मंजूर करता येणार नाही असा निर्बंध घातला. अध्यक्षांच्या वाट्याला आले ते सरसेनापतिपद. एका बाजूस क्रियापदे आणि दुसऱ्या बाजूस एक पदवी, अशी ही वाटणी आहे. पदवीच्या पोटात किती क्रियापदे मावतात, हाच पुढील दोन शतकांचा वाद होय.

तो वाद न्यायालयापुढे प्रथम आला फ्रान्सशी झालेल्या सागरी संघर्षाच्या निमित्ताने. फ्रेंच जहाजे अमेरिकन व्यापारी गलबते पकडू लागली होती आणि तडजोडीसाठी पॅरिसला गेलेल्या वकिलांकडे लाच मागण्यात आली होती. अध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांच्या कारकीर्दीत १७९८ च्या उन्हाळ्यात काँग्रेसने कायद्यांमागून कायदे केले. आरमार खाते निर्माण झाले, फ्रान्सशी असलेले तह रद्द ठरविण्यात आले, फ्रान्सची सशस्त्र जहाजे पकडण्याची परवानगी देण्यात आली. युद्ध मात्र पुकारले नाही. सप्टेंबर १८०० मध्ये समेट होईपर्यंत हा प्रकार चालला. इतिहासकार याला ‘अर्धयुद्ध’ म्हणतात, ते यथार्थच आहे.

‘एलायझा’ नावाचे अमेरिकन गलबत ३१ मार्च १७९९ रोजी फ्रेंचांनी पकडले आणि सुमारे तीन आठवड्यांनी कॅप्टन टिंगी यांच्या ‘गँजेस’ या जहाजाने ते सोडवून आणले. सोडवणुकीचा मोबदला किती, एवढाच वाद. १७९८ च्या कायद्याप्रमाणे तो मालाच्या किमतीचा एक अष्टमांश होता. १७९९ च्या कायद्याप्रमाणे ‘शत्रू’च्या ताब्यात चार दिवसांहून अधिक काळ राहिलेल्या जहाजाबद्दल निम्मा. गलबताच्या मालकाच्या वकिलांनी म्हटले, घोषित युद्धावाचून शत्रू कसला ? सर्वोच्च न्यायालयाने १८०० साली हे म्हणणे अमान्य केले. न्यायमूर्ती वॉशिंग्टन यांनी युद्धाचे पूर्ण आणि अपूर्ण असे दोन प्रकार सांगितले : पूर्ण युद्धात एका राष्ट्राचा प्रत्येक नागरिक दुसऱ्या राष्ट्राच्या प्रत्येक नागरिकाचा शत्रू असतो, अपूर्ण युद्धात ज्यांना कायद्याने अधिकार दिला तेवढेच लढतात आणि दिलेल्या अधिकारापलीकडे जाऊ शकत नाहीत. न्यायमूर्ती मूर यांचा युक्तिवाद तर एखाद्या वैयाकरणाला शोभेल असा आहे. शब्द हे कल्पनांचे प्रतिनिधी असतील, तर या दोन देशांमधील परिस्थिती व्यक्त करण्यास दुसरा कोणता शब्द आहे, असा त्यांचा उलट प्रश्न होता. टिंगी यांना निम्मा मोबदला मिळाला. ‘अपूर्ण युद्ध’ ही संज्ञा मोबदल्याच्या हिशेबासाठी जन्मास आली खरी, पण तिच्यात एक मर्यादा गर्भित होती. युद्ध जर कायद्याने मोजून दिले असेल, तर अध्यक्षांचा अधिकारही त्याच मापाने मोजला जाणार.

ते माप प्रत्यक्ष लावण्याचा प्रसंग लवकरच आला. फेब्रुवारी १७९९ मध्ये काँग्रेसने फ्रान्सशी व्यापारबंदीचा कायदा केला आणि फ्रेंच बंदरांकडे ‘जाणारी’ अमेरिकन जहाजे पकडण्याचा अधिकार अध्यक्षांना दिला. कायद्यात ही एक उघड उणीव होती. जाताना चुकविलेले जहाज परतताना सहीसलामत सुटणार होते, आणि खोटी कागदपत्रे बाळगणाऱ्याला तर दोन्ही वेळा मोकळे रान होते. आरमारमंत्री बेंजामिन स्टॉडर्ट यांनी मार्चमध्ये कप्तानांना हा कायदा पाठविताना सोबत आज्ञा दिली, ती अशी, की डॅनिश वा अन्य परकी कागदपत्रांच्या आडून फिरणारी, वस्तुतः अमेरिकन असलेली आणि फ्रेंच बंदरांकडे जाणारी ‘किंवा तेथून येणारी’ जहाजे निसटू देऊ नयेत. आज्ञा व्यवहारदृष्ट्या शहाणपणाची होती. कायद्यात मात्र ‘तेथून येणारी’ हे शब्द नव्हते.

डिसेंबर १७९९ मध्ये ‘बॉस्टन’ या लढाऊ जहाजाचे कॅप्टन जॉर्ज लिट्ल यांनी ‘फ्लाइंग फिश’ हे जहाज पकडले. ते हैतीतील जेरेमी या बंदरातून सेंट टॉमस या डॅनिश बेटाकडे चालले होते; म्हणजे फ्रेंच बंदरातून येत होते. शिवाय ते खरोखरच डॅनिश निघाले. बॉस्टनच्या न्यायालयाने जहाज सोडून दिले, पण मालकांना भरपाई नाकारली. वरच्या न्यायालयाने भरपाईपोटी ८,५०४ डॉलर ठरविले. १८०४ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात निकालास आले तेव्हा निकालपत्र सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी लिहिले. त्यातील त्यांचा प्रांजळपणा विरळा आहे. अध्यक्षांच्या आज्ञेने कृत्य कायदेशीर झाले नाही तरी ते करणाऱ्या अधिकाऱ्याची भरपाईतून सुटका व्हावी, असा आपला प्रथम कल होता. आज्ञाधारकपणा हा लष्करी व्यवस्थेचा पायाच आहे. पण सहकाऱ्यांशी विचारविनिमय केल्यावर ते मत सोडावे लागले, असे त्यांनी मोकळेपणाने नमूद केले आहे. जाणारी जहाजे पकडावीत असे काँग्रेसने सांगितले याचा अर्थच असा, की येणारी जहाजे पकडण्याची रीत तिने वगळली. विशेष असे, की काँग्रेसने याविषयी काहीच सांगितले नसते, तर सरसेनापती या नात्याने अध्यक्षांना अशी आज्ञा कदाचित देता आली असती, हेही मार्शल सुचवून जातात. मौनात अधिकाराला जागा असते. शब्द उच्चारला गेला, की ती जागा आखली जाते.

या निकालाची दुसरी बाजू मनाला बोचल्याखेरीज राहत नाही. आज्ञा देणारे मंत्री आणि ज्यांच्या नावे ती निघाली ते अध्यक्ष या दोघांनाही काही द्यावे लागले नाही. दंड झाला तो आज्ञा पाळणाऱ्या कप्तानाला. पुढे १८०७ साली काँग्रेसने खास कायदा करून लिट्ल यांना तो भार उतरवून दिला, हे तिला भूषणावह आहे. पण साडेआठ हजार डॉलरांचे ओझे घेऊन एका दर्यावर्दी अधिकाऱ्याने ती वर्षे कशी काढली असतील, याचा उल्लेख घटनाशास्त्राच्या ग्रंथांत सहसा नसतो.

एकोणिसाव्या शतकातील बाकीच्या घडामोडी थोडक्यात सांगण्याजोग्या आहेत. त्रिपोलीच्या पाशाने १८०१ साली अमेरिकन वकिलातीची निशाणकाठी तोडून युद्ध पुकारले. अध्यक्ष जेफर्सन यांनी काँग्रेसच्या अनुमतीवाचून संरक्षणाची सीमा ओलांडता येत नाही असे तिला कळविले. पलीकडच्याने युद्ध पुकारल्यावर अनुमती कशाला हवी, असा अलेक्झांडर हॅमिल्टन यांचा आक्षेप होता. अध्यक्ष पोक यांनी १८४६ साली वादग्रस्त मुलखात फौज धाडून मेक्सिकोशी अशी परिस्थिती निर्माण केली, की काँग्रेसला घोषणा करण्यावाचून गत्यंतर उरले नाही. जानेवारी १८४८ मध्ये प्रतिनिधिगृहाने ८५ विरुद्ध ८१ मतांनी, हे युद्ध अध्यक्षांनी अनावश्यकपणे व घटनाबाह्य रीतीने सुरू केले, असा ठपका ठेवला. बाजूने मत देणाऱ्यांत इलिनॉयचे एक नवखे सदस्य होते : अब्राहम लिंकन. तेच लिंकन अध्यक्ष झाल्यावर एप्रिल १८६१ मध्ये काँग्रेस भरण्यापूर्वीच दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी करून मोकळे झाले, आणि सर्वोच्च न्यायालयाने १८६३ साली ५ विरुद्ध ४ अशा निसटत्या बहुमताने ती मान्य केली. अंगावर आलेल्या युद्धाला काँग्रेसने नाव देईपर्यंत अध्यक्षांनी थांबण्याचे कारण नाही, असा न्यायमूर्ती ग्रिअर यांचा निर्णय होता. त्यात अंगावर आलेले आणि अंगावर घेतलेले युद्ध हा भेद गृहीत आहे. पुढील काळात तो सोयीस्करपणे विसरला गेला.

२५ जून १९५० रोजी उत्तर कोरियाच्या फौजा दक्षिणेत घुसल्या. अध्यक्ष ट्रूमन यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीच्या ठरावांचा आधार घेऊन सैन्य पाठविले. काँग्रेसची अनुमती मागितली नाही. २९ जूनच्या वार्ताहर परिषदेत त्यांनी आपण युद्धात नाही असे सांगितले, आणि याला संयुक्त राष्ट्रांची ‘पोलीस कारवाई’ म्हणता येईल काय, या एका वार्ताहराच्या प्रश्नाला होकार दिला. शब्द वार्ताहराचा, चिकटला तो मात्र अध्यक्षांना. मराठी वाचकाला हा शब्द अपरिचित नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये भारताचे सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले आणि निजामाने शरणागती पत्करली, त्या घटनेला मराठवाड्यातील लोक ‘पोलीस अ‍ॅक्शन’च म्हणत आले आहेत, रणगाडे पाहिलेल्या माणसांनीही तोच शब्द वापरला. तेथे त्या नावाने प्रश्न घरचा असल्याचे सूचित होत होते. कोरियात मात्र ३३ हजारांहून अधिक अमेरिकन सैनिक लढाईत कामी आले. परराष्ट्र खात्याने ३ जुलै रोजी एक टिपण तयार करून, अध्यक्षांनी काँग्रेसच्या अनुमतीवाचून सैन्य वापरल्याचे ८५ दाखले दिले. चाच्यांचा पाठलाग किंवा परदेशस्थ नागरिकांचे रक्षण यांसारख्या किरकोळ प्रसंगांवर एका महायुद्धसदृश मोहिमेची इमारत उभी करणे हे तर्काला धरून नव्हते. सेनेटर टाफ्ट यांनी तसे सुनावलेही. पण त्यांचाही विरोध सैन्य पाठविण्याला नव्हता, पद्धतीला होता.

युद्धाला युद्ध न म्हटल्याने काय होते, हे प्रथम विमा कंपन्यांच्या दाव्यांत दिसले. आयुर्विम्याच्या अनेक करारांत अपघाती मृत्यूबद्दल दुप्पट रकमेची तरतूद असे आणि युद्धातील मृत्यू तीतून वगळलेला असे. कोरियात पडलेल्या सैनिकाच्या वारसांना रक्कम मिळावी की नाही ? पेन्सिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५३ साली म्हटले, काँग्रेसने पुकारलेले नाही ते युद्ध नव्हे. सबब रक्कम द्यावी. त्याच वर्षी टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने, सामान्य माणूस ज्याला युद्ध म्हणतो ते युद्धच, असा उलट निर्णय दिला. लष्करी अपील न्यायालयाने १९५३ साली कोरियात पहाऱ्यावर झोपलेल्या शिपायाच्या बाबतीत ‘युद्धकाल’ आहे असे ठरविले. कारण तसे ठरल्यास शिक्षा वाढत होती. व्हिएतनाममधील एका मुलकी नोकरावर लष्करी न्यायालयात खटला चालला, तेव्हा त्याच न्यायालयाने १९७० साली सांगितले, की नागरिकाला लष्करी कायद्याखाली ओढण्यासाठी ‘युद्धकाल’ काँग्रेसने घोषित केलेलाच हवा. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ परस्परविरोधी दिसतात, पण ते तसे नाहीत. शिपायाने लष्कराचे नियम आधीच अंगीकारलेले असतात. नागरिकाचे संरक्षण काढून घ्यावयाचे तर त्याच्या प्रतिनिधींनी तसे स्पष्ट शब्दांत म्हटलेले असले पाहिजे. घोषणेची खरी किंमत येथे कळते.

हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर पोलाद गिरण्यांच्या प्रकरणात उपस्थित झाला. १९५२ च्या एप्रिलमध्ये वेतनाच्या वादावरून पोलाद कामगारांचा देशव्यापी संप व्हावयाचा होता. कोरियातील सैन्याला दारूगोळा कमी पडेल, या कारणास्तव ट्रूमन यांनी ८ एप्रिलच्या रात्री हुकूम काढून व्यापारमंत्री चार्ल्स सॉयर यांना गिरण्या ताब्यात घेण्यास सांगितले. संप ८० दिवस लांबणीवर टाकण्याची रीत १९४७ च्या कामगारविषयक कायद्यात होती, ती त्यांनी वापरली नाही. आणि तो कायदा होताना, कारखाने ताब्यात घेण्याचा अधिकार सरकारला द्यावा ही सूचना काँग्रेसने फेटाळली होती. न्यायाधीश डेव्हिड पाइन यांच्यापुढे सरकारी वकील होम्स बॉल्ड्रिज यांनी जो युक्तिवाद केला, तो सरकारला फार महागात पडला. अध्यक्षांच्या सत्तेला निवडणूक आणि महाभियोग या दोनच मर्यादा आहेत, अशा अर्थाचे ते बोलले. पाइन यांनी २९ एप्रिल रोजी हुकूम बेकायदा ठरविला.

सर्वोच्च न्यायालयाने २ जून रोजी ६ विरुद्ध ३ मतांनी तोच निर्णय कायम केला. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती ब्लॅक यांचे असले, तरी पुढील पिढ्यांनी आधार घेतला तो न्यायमूर्ती जॅक्सन यांच्या स्वतंत्र निकालपत्राचा. काँग्रेसच्या संमतीने वागणारे अध्यक्ष सर्वाधिक समर्थ, तिच्या मौनात वागणारे संदिग्ध प्रदेशात, आणि तिच्या व्यक्त इच्छेविरुद्ध वागणारे सर्वांत दुर्बळ, ही त्यांची वर्गवारी प्रसिद्ध आहे. त्याहून मर्मग्राही भाग दुसराच. सैन्याचा सरसेनापती हा देशाचा, त्याच्या उद्योगांचा आणि रहिवाशांचा सरसेनापती नव्हे, असे जॅक्सन यांनी बजावले. आणि ज्या अध्यक्षांवर परराष्ट्रव्यवहारात फारसा अंकुश नाही, त्यांनी स्वतःच परदेशी मोहीम काढावी आणि तिच्याच बळावर घरातील आपली सत्ता वाढवावी, याहून घातक सिद्धांत नाही असे म्हटले. जॅक्सन हे पूर्वी रूझवेल्ट यांचे महान्यायवादी होते. कार्यकारी सत्तेच्या वतीने असे युक्तिवाद त्यांनी स्वतः केलेले होते. न्यायमूर्ती टॉम क्लार्क हे तर ट्रूमन यांनीच नेमलेले. त्यांनी अध्यक्षांविरुद्ध मत दिले आणि आधार घेतला तो १४८ वर्षांपूर्वीच्या ‘फ्लाइंग फिश’च्या निकालाचा. काँग्रेसने रीत घालून दिली आहे, तेथे अध्यक्षांनी त्याच रीतीने गेले पाहिजे. ट्रूमन यांनी त्याच दिवशी गिरण्या परत केल्या. संप झाला आणि तो सुमारे सात आठवडे चालला. सैन्य कोरियात पाठविणे कायदेशीर होते की नव्हते, याविषयी न्यायालयाने निर्णय दिला नाही. तसे कोणी विचारलेही नव्हते.

व्हिएतनामच्या वेळी ते विचारले गेले, आणि न्यायालयांनी बहुधा उत्तर टाळले. ऑगस्ट १९६४ मध्ये टोंकिनच्या आखातातील घटनेनंतर काँग्रेसने अध्यक्ष जॉन्सन यांना आवश्यक ते सर्व उपाय योजण्यास पाठिंबा देणारा ठराव केला. प्रतिनिधिगृहात विरोधी मत एकही नव्हते. सेनेटमध्ये मोर्स आणि ग्रूनिंग ही दोनच होती. तीन वर्षांनी परराष्ट्र खात्याचे निकोलस कॅट्झेनबाख यांनी सेनेटच्या समितीपुढे सांगितले, की व्यवहारतः हा ठराव युद्धघोषणेच्याच बरोबरीचा आहे. ज्यांनी मत दिले होते त्यांना हा अर्थ ऐकून धक्का बसला. जानेवारी १९७१ मध्ये ठराव रद्द झाला, युद्ध चालूच राहिले. काँग्रेस दरवर्षी पैसा मंजूर करते आणि सक्तीची लष्करभरती वाढवून देते, यातच तिची संमती दिसते, असे न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने त्याच वर्षी ठरविले. रणात असलेल्या सैन्याचा पैसा तोडणे कोणत्याही प्रतिनिधीला कठीण असते. त्या असहायतेला संमती म्हणणे कायद्याला परवडले, तरी ते न्याय्य वाटत नाही.

नोव्हेंबर १९७३ मध्ये काँग्रेसने अध्यक्ष निक्सन यांचा नकाराधिकार डावलून युद्धाधिकारांचा ठराव कायदा म्हणून संमत केला. सैन्य ‘वैरकृत्यां’त गुंतविल्यापासून ४८ तासांत अध्यक्षांनी कळवावे आणि ६० दिवसांत संमती न मिळाल्यास, माघारीसाठी आणखी ३० दिवस धरून, सैन्य काढून घ्यावे, असा त्याचा सारांश. मसुदा तयार करताना प्रथम ‘सशस्त्र संघर्ष’ असा प्रयोग होता. तो अपुरा वाटल्याने अधिक व्यापक म्हणून ‘वैरकृत्ये’ हा शब्द मुद्दाम निवडण्यात आला. पळवाट राहू नये हा हेतू होता.

१९९९ साली कोसोव्होवरून युगोस्लाव्हियावर ७८ दिवस बॉम्बफेक झाली. २८ एप्रिल रोजी प्रतिनिधिगृहाने युद्धघोषणेचा ठराव ४२७ विरुद्ध २ मतांनी फेटाळला, आणि हवाई हल्ल्यांना मान्यता देणाऱ्या ठरावावर २१३ विरुद्ध २१३ अशी मते पडून तोही बारगळला. हल्ले थांबले नाहीत, आणि काही सदस्यांनी लावलेला दावा न्यायालयांनी काढून टाकला.

मार्च २०११ मध्ये अध्यक्ष ओबामा यांनी लिबियात हवाई हल्ले सुरू केले. ६० दिवसांची मुदत २० मे रोजी संपली. न्याय खात्यातील कायदेतज्ज्ञांचे मत प्रतिकूल असतानाही अध्यक्षांनी परराष्ट्र खात्याचे कायदेसल्लागार हॅरल्ड को यांचा अर्थ स्वीकारला. जमिनीवर सैन्य नाही, अमेरिकन जीवितहानी नाही, समोरासमोरचा गोळीबार नाही, मोहिमेची सूत्रे नाटोकडे. सबब ही ‘वैरकृत्ये’ नव्हेत, असा तो अर्थ होता. म्हणजे १८०० साली ज्या शब्दाच्या आधाराने न्यायमूर्तींनी घोषणेवाचूनही फ्रान्सला शत्रू ठरविले होते, आणि १९७३ साली जो व्यापक म्हणून निवडला गेला होता, त्यात बॉम्बफेकही मावेनाशी झाली. २४ जून २०११ रोजी प्रतिनिधिगृहाने मोहिमेला संमती देणारा ठराव १२३ विरुद्ध २९५ मतांनी फेटाळला आणि त्याच दिवशी तिचा पैसा मर्यादित करणारे विधेयकही १८० विरुद्ध २३८ मतांनी फेटाळले. विमाने ३१ ऑक्टोबरपर्यंत उडत राहिली.